रूथ दीदीची मूठ

नाही आई, मी बाप्तिस्मा-बिप्तिस्मा काही घेतला नाही — हे बघा, मंगळसूत्र आहे नं गळ्यात — पास्टर साहेब फाटकातूनच आभार मानून गेले, रविवारी चर्चमध्ये रूथ दीदीची स्मरणसभा आहे म्हणून सांगून गेले, बस. शेजारची म्हातारी गेली, तिची आठवण काढायले लोक जमतील, त्यात मी बसली तर बाटते का? गोंदियाहून माझ्या बाबांले बोलावता, न्या म्हणता पोरीले परत — बोलवा. पण आधी ऐकून तर घ्या.

चाळीस वर्षं एकच नेम रूथ दीदीचा — कुकर लावायच्या आधी एक मूठ तांदूळ देवाच्या डब्यात. रविवारी डबा चर्चमध्ये, तिथून कोण्या गरिबाच्या घरी. ताप असो की पाहुणे. तुमच्या चतुर्थीसारखंच — नाही, बरोबरी नाही करून राहिली. मग दिवाळीत पडल्या, कंबर गेली, एकट्या जीवाची चूल बंद. तुम्ही दुपारी झोपल्या की मी वरण-भात नेत होती. हो, रोज. आता काय लपवू? पण जेवतील तर शपथ! म्हणे, "बहू, पहली मुट्ठी निकाली नहीं, निवाला कैसे उतरेगा?" मग मीच काढू लागली — आपल्या कोठीतून, त्यांच्या डब्यात. तीन महिने. तुम्ही तुमच्या लेकाले, नीलेशले म्हणत होत्या नं, तांदूळ लवकर संपून राहिला, उंदीर झाले — तो उंदीर मी.

कोणाले कळते, वाटलं होतं. पण रूथ दीदी जन्मात खोटं बोलल्या नाहीत. चौदाव्या वर्षी तलावात बुडवून बाप्तिस्मा झाला, तोही ऐन पौषात. देवाच्या कामात थंडी वाजली नसेल, मी म्हटलं, तर म्हणे, "खूब लगी, दाँत बज रहे थे." देवाचं मन राखायलेही खोटं नाही! मग मरायच्या आधी पास्टरले सांगून गेल्या, चावल मेरा नहीं, बाजूवाली बहू का है. एक तरी खोटं बोलायचं होतं नं, माझ्यासाठी!

काय? — त्यांना जाऊन नऊ दिवस झाले, मग ओट्यावरच्या वाटीत ही मूठ कोणाची? आजचीच आहे. माझी. कुकर लावता लावता हात आपोआप गेला — नाही, आपोआप काहून जाईल? मीच काढली. या घरात आल्यापासून कोणाले न विचारता केलेली तेवढी एकच गोष्ट आहे माझी...

आई, वाटी कुठं नेता? — ओता. ओता कोठीत.

उद्या मी पुन्हा काढीन.