पेटीवर खोटं लिहिलं नाई

लिहून घ्या बाई, मी युसूफ पेंटर, मूळचा पोंभुर्ण्याचा. बाप माझा बैलबंड्या रंगवे, मीही ब्रश तिथीच धरला, शाळा सातवीतच सुटली पण अक्षर असं का तहसीलचे बाबू उभे राहून पाहत. त्याच अक्षरावर मले चंद्रपूरकडच्या एका खाजगी कारखान्यात लावलं. तोफगोळे बनत तिथी, बाई, आन् लाकडी पेट्यायवर नाव-नंबर लिहायचं काम माझं. बावीस वर्षं लिहिलं, आपल्या फौजेच्या पेट्या, एक अक्षर वाकडं नाई.

मंग बाहेरच्या एका देशाची ऑर्डर आली. तो देश शेजाऱ्याच्या गावायवर, दवाखान्यायवर गोळे टाकून राह्यला होता, टीव्हीवर रोज दिसे. आन् मॅनेजर साहेब म्हणे, युसूफभाऊ, यावर तोफगोळे नका लिहू, पंपाचे सुटे भाग लिहा. मी म्हटलं, काऊन साहेब? ते म्हणे, वरून सरकारची परवानगी आहे, तुमाले काय करायचं.

काय सांगू तुमाले, ब्रश उचललाच नाई, पोट दुखते म्हणून घरी आलो. पोरगी माझी नसरीन, नागपूरले वकिली शिके, सुट्टीत आली होती, तिले विचारलं. ती म्हणे, अब्बा, एक सरकार दुसऱ्या सरकारच्या गुन्ह्याले हात लावते, आन् जाणूनबुजून लावते, त त्या मदतीपुरतं तेही जबाबदार असते, गोळा कोणीही टाको. देशादेशायच्या कायद्यात आहे हे. मी म्हटलं, आन् पेंटर? तिनं तिचं पुस्तक चाळून पाह्यलं. मंग म्हणे, तो कायदा सरकारायचा आहे, तुमाले नाई लागत.

नाई लागत त नाई लागत. पण सरकारले माहीत असो का नसो, मले त माहीत होतं ना, बाई. दुसऱ्या दिवशी साहेबाले सांगितलं, आत जे आहे तेच लिहीन. ते म्हणे, दुसरा कोणी लिहील. म्हटलं, लिहू द्या. तोच दिवस तिथला शेवटचा. बायको दोन दिवस बोलली नाई, तिसऱ्या दिवशी तिनंच साऱ्या मोहल्ल्यात सांगितलं, माह्या माणसानं खोटं लिहिलं नाई म्हणून.

पेट्या गेल्याच असतील, मी कुठी अडवू शकतो.

आता मी सिंदेवाहीले शाळायच्या भिंती रंगवतो. नसरीन वकील झाली. तिनं सरकारले अर्ज टाकला, पेट्या कुठी गेल्या, परवानगी देताना तुमाले काय काय माहीत होतं. साक्षीदार म्हणून माझं नाव टाकलं, मले विचारूनच. जबाब आला नाई, तिनं दुसरा अर्ज टाकला. अल्ला तुमच्याही लेकरायले अशी विचारणारी जीभ देवो, बाई.