क्रशरवाल्याचा शूर नातू

मंडळी, ऐका! मागं भिंतीला टेकलेलेही ऐका, मोबाईल ठेवा खिशात! एक साधा प्रश्न टाकतो. आवाज मोठा की लहान, हे ठरवतं कोण? — कान? सगळे कान म्हणाले! सगळे चुकले! कान बिचारा दारावरचा शिपाई, आलेलं आत सोडतो. कुणाला खुर्ची द्यायची नि कुणाला बाहेर उभं करायचं, हे ठरवतो आतला साहेब — मेंदू! आता खरा प्रश्न. साहेबानं ज्याला बाहेर उभं केलं, त्याचं वाटोळं झालं तर पाप कुणाचं?

टाकेवाडीत एक हणमंतराव शेडगे होते. गाव त्यांना आबा म्हणायचं. टेकडीखाली खडीचा क्रशर, दिवसभर दगड फोडणार — खडाड खडाड! आणि या शहाण्यानं घर कुठं बांधलं? क्रशरला लागून! का? तर म्हणे लक्ष राहतं!

गावकरी आले. "आबा, डोकं उठलंय हो! शाळेत मास्तरांचं ऐकू येत नाही."

"कसला आवाज? मला तर काही जाणवत नाही!"

खोटं नाही बोलला माणूस, हीच तर गंमत! तोच खडखडाट रोज आला की मेंदू म्हणतो, हे रोजचंच, याच्याकडं काय बघायचं! कान आतून झिजतच असतो, पण साहेबाला पत्ता नाही. मग आबांनी दुसरा क्रशर बसवला. यंत्रं दुप्पट झाली म्हणून आवाज दुप्पट वाटतो का? छे! जरासा वाढल्यासारखा वाटतो. झालं! आबांच्या मिशीला पीळ — "बघा! पडला का काही फरक?" काय हुशारी! अशी हुशारी वैऱ्यालाही देऊ नको रे देवा!

आबांना नातू झाला, ओजस. क्रशर धडधडतोय, पोरगं पाळण्यात गाढ झोपलंय. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "वाघ आहे वाघ! दचकत नाही! शेडग्यांचं रक्त!" आणि आलेले पाहुणेही माना डोलवायचे. चहा फुकटचा होता ना!

सून सुवर्णा मात्र धास्तावलेली. पोर सात महिन्यांचं झालं. तोंडासमोर आली की हसायचं, मागून हाक मारली की ढिम्म! नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आबांना विचार." लग्न झालेला बाप्या, मिशा फुटलेला — आबांना विचार! सासऱ्यांना सांगितलं. आबा म्हणाले, "सूनबाई, पोटात असल्यापासून ऐकतोय तो. सवय झालीय!"

मग आली अमावस्या. अमावस्येला क्रशर बंद. यंत्राला हार, नारळ, लिंबू-मिरची. बायकोला जन्मात गजरा आणला नाही या माणसानं, पण यंत्राला दर अमावस्येला हार! सगळीकडं सामसूम. आबा ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन बसलेले. सुवर्णा मागून आली, हातात ताट नि पळी. आणि — ठण्ण!

आबा हातभर उडाले! "अगं, कान फाटले की!"

ऐका, रोज दगड फुटताना न हलणारा माणूस पळीला घाबरला! का? शांततेत साहेब जागा झाला, कान टवकारून बसला. मग बारीक आवाजही मोठा होतो! आणि ओजस? आबांच्या सदऱ्याचं बटण चोखत होता. मान नाही वळवली.

"आबा," ताट खाली ठेवत सुवर्णा म्हणाली, "तुम्ही दचकलात. तुमचा वाघ का नाही दचकला?"

"दृष्ट लावशील पोराला! गप्प बस!"

नाही बसली ती! पोर कडेवर घेतलं, एसटी धरली, तालुक्याला गेली. डॉक्टरांनी तपासलं. "जन्मापासूनच फार कमी ऐकू येतंय. कानाला ऐकायचं मशीन बसवू. पण ताई, मशीन आवाज आत पोचवेल, त्याचा अर्थ लावायला मेंदूला शिकावं लागतं. तेही याच वयात. घरी शांतता हवी. गोंगाटात मशीन गोंगाटच मोठा करतं."

आता सांगा, आजोबानं काय करावं? क्रशर हलवावा, नाहीतर घर! आबा म्हणाले, "पोराच्या कानापायी धंदा हलवू?" शाबास रे वाघाच्या आजोबा!

सुवर्णानं ओजसच्या कानाला मशीन बसवून घेतलं नि त्याला घेऊन माहेरी गेली. तिथं दिवसभर त्याच्याशी बोलायची. भांडं पडलं तर सांगायची, कावळा ओरडला तर दाखवायची. एक दिवस मागून हाक मारली, "ओजस!" आणि पोरानं मान वळवली! ती माउली तिथंच खाली बसून रडली हो!

दिवाळीला आबा भेटायला गेले. नातू अंगणात खेळत होता. आबा हातातली पिशवी टाकून धावले, खोटं कशाला बोलू. पण आयुष्य खडखडाटात गेलेलं, आपण केवढ्यानं बोलतो याचं मापच उरलं नव्हतं. दोन्ही हात पसरले आणि गरजले — "वाघाऽऽ!"

पोरानं किंचाळून कान झाकले, आईच्या पदरात घुसलं.

सुवर्णा म्हणाली, "आबा, हळू. त्याला आता ऐकू येतं."

मंडळी, आबांचे हात तसेच राहिले पसरलेले.

हसत होतात ना आबांना मघापासून? हसा की आता! घरात आई रोज गुडघा दुखतो म्हणते — रोजचंच, नाही का? बायको काहीतरी सांगता सांगता गप्प होते — रोजचंच! तुमच्या ओट्यावर ताट वाजवायला कुणी येणार नाही. त्या माणसाच्या शेजारी बसा, टीव्ही बंद करा, आणि आजच विचारा. उद्या हात पसराल, तेव्हा कुशीत कोण येईल याची खात्री आहे का तुम्हाला?

मी हा माइक बंद करतोय. आता देवाचं नाव घ्या. कोकलू नका, शेजारच्याला ऐकू जाईल एवढंच.