खारूने काउंटरवर ठेवलेल्या वस्तूंबाबत

नाव : ओळखपत्रावर आहे ते उतरवून घेतले आहे, घरात सगळे भिंगरी म्हणतात. वय : चोवीस वर्षे. शिक्षण : नववी, तीही अर्धी. धंदा : मिळेल ते काम, सध्या काही नाही. पत्ता : कायमचा असा नाही. सध्या थोरल्या बहिणीकडे, जुन्या सामानाच्या दुकानावरचा मजला.

मी स्वतः पोलीस ठाण्यात बसून, दाजींच्या समोर, विचारले तसे सांगतो की, काल दुपारी ज्याच्या हरवल्याची तक्रार दिली तो सोळा वर्षांचा मुलगा माझा भाचा आहे. त्याला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी खारीसारखा साठवायचा. स्क्रू, बिल्ले, बंद पडलेली घड्याळे. कोणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायचा. आता तो सापडला आहे. तक्रार मिटवण्यासाठी हा जबाब आहे.

ताई आणि दाजी जुन्या वस्तू घेतात, दुरुस्त करतात, विकतात. पंख्यापासून पाळण्यापर्यंत काहीही. दुकान इतके भरलेले असते की गिऱ्हाईक आडवे होऊन आत शिरते. मी एकदा तिथे एक अकॉर्डियन पाहिला होता, त्याचा आवाज असा यायचा की... अंमलदार साहेबांनी मुद्द्यावर या म्हणून सांगितले. येतो.

त्या घराची एक रीत आहे. सुट्टीच्या दिवशी प्रत्येकाने आपली एक न लागणारी वस्तू खाली आणून काउंटरवर ठेवायची. दाजी म्हणतात, "ज्याला वस्तू सोडता येते तोच या धंद्यात टिकतो." खारूने आजवर कधी काही ठेवले नव्हते. यावरून दाजी त्याला चिडवायचे, "तू दुकान नाही, गोदाम काढ."

मी आलो तेव्हा मात्र खारू रोज काहीतरी आणून ठेवत होता. आधी हेडफोन. मग बुद्धिबळाचा पट, तो स्पर्धेत मिळवलेला. मग हिवाळ्याचे जाकीट. दाजींची छाती फुगली. "बघ, माझ्यावर गेला शेवटी," म्हणून त्यांनी जाकिटाला तिथेच किमतीची चिठ्ठी लावली. ताई हसली नाही. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "रात्रभर जागा असतो रे. जेवत नाही. मित्र यायचे तेही बंद झाले. दोन विषय गेले तेव्हापासून असा आहे."

मी म्हणालो, "मग विचार ना त्याला."

"नको. भलतंच विचारलं आणि त्याच्या डोक्यात शिरलं म्हणजे?"

दाजी बाहेरून ओरडले, "वय आहे ते! आम्हीही त्या वयात भिंतीशी बोलायचो."

"आणि भिंत ऐकायची का?" मी विचारले. दाजी म्हणाले, "तुझ्यापेक्षा बरी."

काल दुपारी मी नेहमीप्रमाणे पिशवी उचलली. एका ठिकाणी जास्त दिवस राहिलो की माझ्या अंगाला खाज सुटते. खारू दारात आला. त्याने आपले चांगले बूट माझ्यापुढे ठेवले. "मामा, तुला लागतील. तू चालतोस खूप." मी खूश झालो. घातलेही. पाठीवर थाप मारून निघालो. तो जिन्यात उभा राहून बघत होता, हात हलवला नाही.

बसमध्ये बसलो. बूट अंगठ्याला लागत होते म्हणून खाली वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो. मी आजवर खूप घरे सोडली आहेत. सोडून जाणारा माणूस काय नेतो ते मला पाठ आहे. हेडफोन, जाकीट, चांगले बूट. बाकी राहिले तरी चालते. खारूने नेमके तेच देऊन टाकले होते. जिथे यातले काहीच लागत नाही अशा ठिकाणी कोण जातो? मी बस थांबवायला सांगितली. वाहक म्हणाला, "आत्ताच तर चढलास." मी काय उत्तर दिले ते आठवत नाही.

ताईला फोन केला. ती म्हणाली, खारू ग्रंथालयात पुस्तके परत करायला गेला आहे. खोली आवरलेली. फोन टेबलावर. हे शेवटचे तिने दोनदा सांगितले. दाजी तिथूनच ठाण्यात आले. मी ग्रंथालयाकडे पळालो. वाटेत कुठेही गर्दी दिसली की मी थांबायचो. जवळ जायला धीर होत नव्हता आणि न बघता पुढे जाताही येत नव्हते. एका ठिकाणी नुसती फुगेवाल्याभोवती मुले जमली होती.

ग्रंथपाल बाईंनी सांगितले, पुस्तके दिली, सभासदत्वही बंद केले, आत्ताच मागच्या दाराने गेला. मी मागे गेलो. पायऱ्यांवर खारू बसला होता. पायात चपला. मला बघून म्हणाला, "गेला नाहीस?"

"बस चुकली."

"खोटं. उतरलास."

"उतरलो. तुझे बूट चावतात."

तो हसला. हसणे मध्येच संपले. मी त्याच्या शेजारी बसलो. मला गोड बोलता येत नाही, आडून आडून तर मुळीच नाही. म्हणालो, "खारू, सरळ विचारतो. जीव द्यायचं मनात आहे का?"

मग म्हणाला, "हो."

"आज?"

त्याने मान डोलावली. मी त्याचे मनगट धरले. तो म्हणाला, "मी एकेक वस्तू ठेवत होतो मामा. वाटलं, कुणीतरी विचारेल. बाबा किंमत लावत होते."

मी उपदेश केला नाही, येतही नाही. "मी इथेच आहे, उठणार नाही," एवढेच म्हणालो. दुसऱ्या हाताने ताईला फोन लावला. ती आली ती धापा टाकत. "अरे, आम्ही तुला काय कमी..." असे म्हणाली आणि तिथेच थांबली. मग खाली बसून तिने त्याचे डोके मांडीवर घेतले. आम्ही तिघे तसेच रिक्षाने दवाखान्यात गेलो.

डॉक्टर बाईंनी सांगितले की विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, आत असलेला बाहेर येतो. त्याला सध्या एकटे सोडायचे नाही. घरातली औषधे आणि धोक्याच्या वस्तू कुलपात. दाजींनी अख्खे दुकान धुंडाळले. त्या दुकानात एवढे काय काय असते हे त्यांना काल पहिल्यांदा दिसले. आता घरी खारूजवळ ताई आहे. माझी पाळी यानंतर. डॉक्टर म्हणतात, उपचाराला महिने लागतील. भीती गेलेली नाही. काल रात्री त्याने कूस बदलली तरी आम्ही तिघे उठून बसत होतो.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

अंमलदार साहेबांनी हा जबाब मोठ्याने वाचला. 'हो' या शब्दापाशी दाजींनी हात पुढे केला. म्हणाले, "साहेब, तेवढं गाळता येईल का? शाळेत कळलं, नातेवाइकांत कळलं..." साहेबांनी पेन उघडले. मी काही बोलणार, तेवढ्यात दाजींनीच हात मागे घेतला. म्हणाले, "नको. राहू द्या. उद्या तो म्हणेल, मी सांगितलं होतं, बाबांनी खोडलं."

तो शब्द आहे तसाच ठेवून पुढचे वाचण्यात आले. सगळे ऐकले, मी बोललो तसेच आहे, म्हणून खाली सही करतो.