किल्ली माझ्या मुठीत होती

जबाब देणारी: अपघातातली व्हॅन चालवणाऱ्या मुलीची आजी. वय ७१. व्यवसाय: निवृत्त लघुलेखिका. राहणार: एसी दुरुस्तीच्या दुकानावरचा पहिला मजला.

समक्ष हजर राहून, कुणीही न पढवता, सांगते की –

दुकान माझ्या मुलाचं आहे. त्याची मुलगी, माझी नात, जिला घरात भिंगरी म्हणतात, नुकतीच अठरा वर्षांची झाली आहे. तिच्याकडे शिकाऊ परवाना आहे. शेजारी पक्का परवाना असलेलं माणूस नसेल तर तिला गाडी चालवता येत नाही. उन्हाळा हाच दुकानाचा सीझन आणि त्याच्या तोंडावरच ड्रायव्हर काम सोडून गेला. मुलाने दुसरा ठेवला नाही. भिंगरीची सुट्टी आणि माझा परवाना यांवर भागवलं. मी स्वतः गाडी चालवून वर्षं लोटली, पण परवाना अजून चालू आहे. म्हणून रोज मला तिच्या शेजारी बसवत. कायद्याला माणूस हवं होतं, ते झालं.

व्हॅनमधला एसी बंद आहे. गिऱ्हाइकांचा गारवा आधी. मुलगा दुकानात बसून फोनवर फोन करतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पोर सकाळी निघे ती थेट रात्री जेवायला परते.

काल दुपारी मेकॅनिकला एका गिऱ्हाइकाकडे सोडून आम्ही सुटा भाग आणायला गोदामाकडे निघालो. सिग्नल हिरवा झाला, व्हॅन हलली नाही. मागून हॉर्न सुरू झाले. भिंगरीची हनुवटी छातीला टेकली होती. मी तिला हलवून जागं केलं, गाडी कडेला घ्यायला लावली आणि किल्ली काढून घेतली. मुलाला फोन केला. तो स्कूटरवरून आला.

तो म्हणाला, "आई, भर रस्त्यात तमाशा नको. लोक बघतायत."

मी म्हटलं, "बघू देत. पोर सिग्नलला झोपली होती."

"झोपली कसली? ऊन लागलंय. पाणी पी गं."

भिंगरी म्हणाली, "आजी, जाऊ दे ना. एकच फेरी राहिलीये. मग झोपते, देवाशपथ."

मी म्हटलं, "मेलीस तरी नाही देणार."

हे शब्द मी बोलले. ते तसेच लिहावेत.

मग मुलाने माझी मूठ उघडली. एकेक बोट सोडवलं. हवालदारांनी इथे "किल्ली घेतली" एवढंच लिहिलं होतं. ते मी बदलायला लावलं. किल्ली त्याने भिंगरीला दिली, मला टॅक्सीत बसवलं आणि तो दुकानाकडे गेला. भिंगरीच्या शेजारी कुणी नव्हतं.

अपघात मी पाहिला नाही. पाहिला असं लिहू नये. गोदामाजवळच्या वळणावर व्हॅन आधी एका सायकलवाल्याला धडकली आणि मग भिंतीवर गेली, हे मला घरी कळलं. सायकलवाला जागीच गेला. त्याच्या घरी कोण कोण आहे, हे मी इथे दोनदा विचारलं. कुणी सांगितलं नाही.

मुलाने इथे असं सांगितलं आहे की भिंगरीने न विचारता किल्ली पळवली. ती बेशुद्ध आहे. तिला बोलता येत नाही म्हणून मी बोलते: हे खोटं आहे.

ठाण्याच्या दारात मुलगा मला म्हणाला, "आई, तिचं कोवळं वय बघून तिला कुणी काही करणार नाही. मी आत गेलो तर दुकान कोण बघणार?"

मी म्हटलं, "आणि उठल्यावर ती विचारेल, मी कधी चोरली किल्ली, तेव्हा? तू सांगणार?"



वरील जबाब मला वाचून दाखवला. मी तो पुन्हा, मोठ्याने वाचायला लावला. माझे कान ठीक आहेत. मुलगा बाहेर बाकावर बसला आहे. मी सांगितलं तसंच सगळं लिहिलं आहे. सही करते.