कडवळात मशीनपुढं कोण चाललं त्याबाबत

मी लालासाहेब बाबूराव शिंगटे, वय ६३, धंदा शेती, फौजेतून निवृत्त हवालदार, रा. नांदणवाडी, जि. सांगली. मला ठाण्यात कुणी बोलावलेलं नाही. माझा मुलगा साईराज यानं काल इथं तक्रार दिल्याचं समजलं, म्हणून मी आपण होऊन आलो. साहेबांपुढं बसून सांगतो ते असं की,

मी, पत्नी मनुबाई व मुलगा साईराज असं आमचं कुटुंब आहे. साईराज शिरवळला कंपनीत असतो. आमच्या रानाला लागून धन्यकुमार चौगुले यांचं रान. त्यांच्या पत्नी चंदनबाला, त्यांना मी वहिनी म्हणतो. हे जैन कुटुंब आहे. दोन्ही घरी म्हशी आहेत आणि वैरण कापायला आता माणूस मिळत नाही. धन्यकुमारकडं द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर आहे. त्याला जोडायचं वैरण कापायचं मशीन दोघांत मिळून घ्यायचं आमचं ठरलं.

कोणतं घ्यायचं यावर वाद होता. एक मशीन गोल फिरणाऱ्या पात्यांचं. दुसरं पट्टीचं, म्हणजे ट्रॅक्टरच्या उजव्या अंगाला लांब पट्टी आडवी पडते, तिला दाते असतात आणि दात्यांतून पातं सारखं इकडून तिकडं पळतं, न्हाव्याच्या मशीनसारखं. मला गोल पाहिजे होतं. घुसलं की सपाट, विषय संपला. वहिनी म्हणाल्या, "आवं भाऊ, ट्रॅक्टर केवढासा! ह्यो भवरा जोडला तर त्येला धाप लागंल. आणि वैरणीचा चुरा हून मातीत जाईल. म्हशी काय माती खात्यात व्हय? पट्टीनं कापलेलं आडवं पडतंय, पेंढी बांधाय येती. आणि गोल पात्याम्होरं काय आलं तर कळायच्या आत गेलं."

मी म्हणालो, "वहिनी, तुमचं सगळं त्या ससं-तित्तरापायीच."

"व्हय, त्यापायीच. मग?" असं त्या म्हणाल्या.

साहेब, त्यांच्या घरची रीत लिहून घ्या, कारण सगळं तिथंच आहे. उभ्या पिकात पातं घालण्याआधी घरची बाई काठी घेऊन पुढं चालते. पीक दोन्हीकडं सारत, तोंडानं आवाज करत. काय असेल ते पळून जावं. घरटं दिसलं तर तेवढा तुकडा उभा सोडायचा. वहिनींच्या सासूबाई हेच करायच्या. गावात काहीजण हसतात. मी म्हणायचो, निघाली वहिनींची परेड.

संकष्टीच्या दिवशी सकाळी सांगलीच्या दुकानातला शिवतेज नावाचा माणूस दोन्ही मशीनं टेम्पोत घालून चालवून दाखवायला आला. रान माझं, ट्रॅक्टर धन्यकुमारचा, चालवायला तोच. कडवळ, म्हणजे वैरणीची ज्वारी, माणसाच्या छातीला लागत होतं. मी म्हणालो, आधी गोल घाल. वहिनी म्हणाल्या, ते खडं उडवतंय, त्येच्याम्होरं मला चालता येणार न्हाई, तवा ते बांधाच्या गवतावर दाखवा, कडवळात पट्टीच. शिवतेज हसला. "काकू, पुढं माणूस चालवायचा तर मशीन कशाला घेताय?"

"मशीन कापायला. बघायला डोळं हायत की आमाला."

मी चिडलो, खोटं सांगत नाही. उन्हं वर यायला लागली होती. पण धन्यकुमारनं इंजिनच बंद केलं आणि हाताची घडी घालून बसला. "ती म्होरं गेल्याबिगर म्या हलत न्हाई." मी म्हणालो, "गड्या, तू ट्रॅक्टरचा मालक हायस का बायकोचा शिपाई?" तो म्हणाला, "दोन्ही." मग सगळेच हसलो आणि पट्टीचं मशीन जोडलं.

माझी पत्नी मनुबाई घरी आहे असं मी धरून चाललो होतो. ती नव्हती. मशीन कोवळं-जून काही बघणार नाही, रेडकाला कोवळं आपणच कापून ठेवावं, असं तिच्या मनात आलं, आणि ती कॅनॉलच्या अंगानं विळा घेऊन कडवळात शिरली. तिला साखरेचा आजार आहे. संकष्टीचा उपवास कडक धरला, आणि गोळी मात्र नेमानं घेतली. देवाचंही चुकायला नको, डॉक्टरचंही चुकायला नको. आमच्याकडच्या बाया हे असंच करतात आणि कुणाला सांगत नाहीत.

वहिनी बऱ्याच पुढं चालत होत्या. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला त्यांची काठी एकदम वर गेली आणि त्या ओरडल्या, "आवं थांबा! थांबा!" धन्यकुमारनं जागेवर ट्रॅक्टर उभा केला, पट्टी वर उचलली. मी शिवतेजला म्हणालोसुद्धा, ससा असंल. जाऊन बघतो तर मनुबाई कुशीवर पडलेली. घामानं भिजलेली, शुद्ध नाही. विळा पायाखाली आणि पोटरीतून रक्त चाललेलं. साहेब, मी फौजेत काय काय पाहिलं आहे. तिथं मी नुसत्या तिच्या नावानं हाका मारत राहिलो.

वहिनींनी पदर फाडून पोटरी बांधली. माझ्या खोपीतला गूळ आणायला लावला आणि बोटानं तिच्या गालाच्या आत चोळत राहिल्या. "मनुबाई, डोळं उघडा. आवं बाई, उघडा की." टेम्पोत तिचं डोकं मांडीवर घेऊन त्याच बसल्या. डॉक्टर म्हणाले, साखर पार खाली गेली होती, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. जखमेमुळं दवाखान्यानं ठाण्याला कळवलं, ते त्यांचं काम आहे. दिवस मावळल्यावर वहिनी जेवत नाहीत. त्या धावपळीत दिवस मावळला, त्या तशाच उपाशी राहिल्या.

साईराज शिरवळहून धावत आला. आईचा पाय बांधलेला पाहिला, कुणीतरी मशीनचं नाव घेतलं, आणि त्यानं धन्यकुमारनं चालवलेल्या मशीननं आईचा पाय कापला अशी तक्रार दिली. पोराचं आईवर लय प्रेम आहे, डोकं फिरलं. मी समजावलं तर म्हणाला, "आप्पा, तुमी शेजाऱ्याची बाजू घेताय." मी कुणाची बाजू घेत नाही. मशीन तिच्यापासून इतकं लांब थांबलं की मधे बैलगाडी वळली असती. ते कडवळ अजून तसंच उभं आहे, मी कुणाला पेंढी नेऊ दिलेली नाही, जाऊन पंचनामा करा. मनुबाई शुद्धीवर आहे. ती स्वतः म्हणते, माझाच इळा मला लागला.

गोल मशीन कडवळात घातलं असतं तर पुढं वहिनी नसत्या, आणि मग तक्रार द्यायला साईराजला आणि जबाब द्यायला मला तोंड राहिलं नसतं. पलटणीत सगळ्यांत पुढं चालणाऱ्याच्या भरवशावर आम्ही मागचे जगायचो. असा माणूस माझ्या बांधाला राहतो याचा मला अभिमान वाटतो. हे वाक्य खोडू नका. मशीन पट्टीचंच घेणार आहे. आपल्या नवऱ्यावर तक्रार झाल्याचं वहिनींना कळलं आहे, तरी या क्षणी त्या मनुबाईच्या उशाशी बसून आहेत. माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही.

लिहिलेलं सगळं हवालदार साहेबांनी मला वाचून दाखवलं. साईराज बाहेर बाकावर बसला होता, त्याला आत बोलावून माझ्या सांगण्यावरून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यानं मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. साहेबांनी तक्रार मागं घेण्याचा कागद त्याच्यापुढं ठेवला. तो म्हणाला, "आधी काकूंच्या पाया पडून येतो, मग सही करतो," आणि दवाखान्याकडं गेला. मजकूर मी सांगितला तसाच आहे, त्यात कमी-जास्त काही नाही, म्हणून खाली सही करतो.

(लालासाहेब बाबूराव शिंगटे)