मटण शिजतंय

शालूबाई : खोबरं वाट की गं. मिक्सरचं भांडं हातात धरून काय बसलीस?

स्वप्नाली : जावयासाठी तांबडा-पांढरा. आणि वाटण मी करायचं, त्यांनीच पिरगाळलेल्या हातानं.

शालूबाई : मोडला तर न्हाय न्हवं?

स्वप्नाली : मला न विचारता फोन का केलास त्यांना?

शालूबाई : चार दिस झालं तुला येऊन. गल्ली इचारतीया. आन् जावईबापू रडत हुतं फोनवर.

स्वप्नाली : दर वेळी रडतात. मग किलोभर मटण आणतात, स्वतः कांदा चिरतात, पहिला घास माझ्या तोंडात घालतात. खरं सांगू आई? त्या दिवसासारखं सुख नाही. तेवढ्यावरच सहा वर्षं काढली.

शालूबाई : मग? जीव हाय की त्यांचा.

स्वप्नाली : आप्पांचाही होता तुझ्यावर. आज तांब्या फेकून मारायचा, उद्या मटण. तू कपाळावर पदर ओढून, गुणगुणत चटणी घालायचीस.

शालूबाई : मेलेल्या माणसाचं काढू नगंस.

स्वप्नाली : तुमचं वाजलं की मी पांघरुणात खूश व्हायचे.

शालूबाई : काय बोलतीस गं!

स्वप्नाली : उद्या मटण. उद्या आप्पा हसणार, मला खांद्यावर घेणार. कोडोलीचा तो मास्तर बघायला आलता, आठवतोय? आवाज चढवून बोलायचा नाही. मी म्हटलं, आळणी आहे. उदयसिंहांनी पहिल्याच भेटीत वेटरला झापलं, आणि मला वाटलं, हा आपला माणूस.

शालूबाई : मी तरी काय करणार हुतो? तुला घिऊन कुठं जाणार हुतो?

स्वप्नाली : तुला जागा नव्हती. मला आहे, तू आहेस. आणि तू रस्सा टाकलास.

शालूबाई : निघालं असतील गं ते आता. दारात आल्याला जावय…

(पाच वर्षांची पूर्णिमा झोपेतून उठून डोळे चोळत येते.)

पूर्णिमा : आज्जी, मटण करतीयस?

शालूबाई : व्हय माझ्या बाळा.

पूर्णिमा : मग आईला परत कुणी मारलं?

शालूबाई : (पातेल्यावर झाकण ठेवते.)

पूर्णिमा : सांग की.

शालूबाई : कुणी न्हाय. ये, बस हितं, ताट घे. आज आपलं असंच खायाचं. …स्वप्ना, उठ. दाराला कडी घाल.