वडीगोद्रीचे एकोणीस हात

न्हाई, तुम्हीच सांगा, हात वर करनं हे काय अवघड काम हाये का... खांद्यापासून उचलायचा, मोजून झाला की खाली घ्यायचा, एवढंच, आन् त्येच्यापायी वडीगोद्रीत माझे दोन दिवस गेले, इकडं अंबडात दुकानाला कुलूप, आन् मी तर फक्त बैठक कशी घ्यायची ते सांगायला गेल्तो.

झालं असं, गाववाल्यांनी मिळून मराठी शाळा काढल्ती, चाळीस पोरं, शिकवायला पुंजाराम मास्तर, त्येचं जेवन गोजरबाईकडं, सगळं बराबर चाललेलं, तेवढ्यात सरकारचा हुकूम आला... खानगी, म्हंजी गाववाल्यांनी आपली आपन काढलेल्या, शाळेला इजाजत पायजे, अर्जावर कमिटीच्या अध्यक्षाची सही पायजे, सोमवारपर्यंत, न्हाई तर शाळा बंद. आता कमिटी कशाशी खातात ते गावात कोनाला ठाऊक? अंबडची व्यापारी कमिटी मी बसवल्ती, म्हनून मला बोलावनं.

शनिवारी एकोणीस जन बसले. अध्यक्षासाठी नावं दोन आली, काकासाहेब पाटील आन् धुळाजी, दोघंबी थोरले, दोघंबी समोर सतरंजीवर. म्हनलो, काकासाहेब पायजेत त्यांनी हात वर करा. एकोणीस हात. म्हनलो, चला, जल्दी उरकलं. रिवाज म्हनून विचारलं, आन् धुळाजी? एकोणीस हात. त्यात काकासाहेबांचाबी.

"काकासाहेब, तुम्ही कामून वर केला?"

"अहो शेठ, धुळाजी समोर बसून राह्यला, त्येच्या तोंडावर हात खाली ठेवू? बेइज्जती करू का मानसाची?"

मी तर फक्त बैठक कशी घ्यायची ते सांगायला गेल्तो.

रविवारी अक्कल चालवली. आतल्या खोलीत मडकं ठेवलं, ज्वारीचा दाना काकासाहेबांचा, तुरीचा धुळाजीचा, एकेकानं जाऊन गुपचूप टाकायचा, कोनाला दिसत न्हाई, कोनाची इज्जत जात न्हाई. मडकं उलटं केलं तर अर्धी ज्वारी, अर्धी तूर, चांगली दोन शेर... एक दाना टाकनं बरं दिसत न्हाई म्हने, म्हनून मूठ मूठ टाकली, दोन्हीची.

गोजरबाई दारातून म्हनते, "शेठ, भरडून घेऊ का हे? का पोरं पुन्हा गुरांमागं धाडू, तेवढं सांगा." तिकडं मास्तर गाठोडं बांधून राह्यलेला.

शेवटचा इलाज, दोन्ही थोरल्यांना बाहेर धाडलं. म्हनलो, आता बोला मोकळं. तर आबाराव उठला, "थोरले उन्हात, आन् आम्ही सावलीत बसावं?" आन् गेला, त्येच्यामागं सगळे गेले, खोलीत राह्यलो मी आन् मास्तर. मास्तरनं हळूच हात वर केला.

"कोनासाठी, मास्तर?"

"तुमच्यासाठी. दुसरं कोनी समोर न्हाई."

बाहेर कळलं तर खिडकीतून एकोणीस हात वर. अहो, मी तर फक्त बैठक कशी घ्यायची... पन ऐकतं कोन?

सोमवारी अध्यक्ष म्हनून मीच सही केली, इजाजत आली, मास्तरचं गाठोडं सुटलं, पोरं आता पाढे म्हनतेत, चांगलंच झालं, मी न्हाई म्हनत न्हाई. पन तीन वर्षं झाली, दर महिन्याला कमिटीच्या बैठकीपायी दुकान बंद करून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. परवा राजीनामा ठेवला. म्हनलो, मंजूर असंल त्यांनी हात वर करा.

एक हात वर न्हाई.

धुळाजी म्हनला, "शेठ, तुम्ही समोर बसलेले. बसल्या मानसाला ऊठ कसं म्हनावं?"

मंग काय... बसलो.